अगदी विकतच्यासारखं!

जानेवारी-फेब्रुवारीत टोमॅटोचे भाव उतरले की मंडईत दोन जातींची माणसं दिसतात. पहिली, अर्ध्याऐवजी एक किलो घेऊन वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागणारी. दुसरी, टोमॅटोच्या ढिगासमोर कमरेवर हात ठेवून 'सगळे केवढ्याला?' असं विचारणारी. ही दुसरी जात संख्येनं कमी; पण प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला एखादा नमुना येतोच. आमच्या वाट्याला अप्पा आले.

अप्पा वीज मंडळातून निवृत्त झाले. उभी नोकरी लोकांचे मीटर तपासण्यात गेली. आता काय तपासायचं, असा प्रश्न पडला तेव्हा सगळ्यात जवळ होतं ते स्वयंपाकघर. एका संध्याकाळी त्यांनी नातवाच्या हातातली केचपची बाटली काढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि मागचं बारीक अक्षरातलं लेबल मोठ्यानं वाचलं. "टोमॅटो, साखर, मीठ, व्हिनेगर, मसाले. यातलं आपल्या घरात काय नाही?"

"वेळ," काकू भाजी परतता परतता म्हणाल्या.

अप्पांकडे नेमका तोच शिल्लक होता.

घरी करणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. लोणचं, पापड, मेतकूट, गोडा मसाला. पण या सगळ्यांना आजी असते. लोणचं बिघडलं तर 'आजीच्या हातची सर नाही' म्हणून सुटका होते, आणि जमलं तर 'अगदी आजीच्या हातचं' म्हणून पावती मिळते. केचपला आजी नाही. आपल्या कुणाच्याच आजीनं केचप केलं नाही. तिनं टोमॅटोचं सार केलं आणि विषय संपवला. त्यामुळे केचप करणाऱ्याला तुलनेला काय उरतं, तर किराणा दुकानाच्या फळीवरची बाटली. ज्या बाटलीला घरातून हाकललं, तिच्याच शेजारी जाऊन उभं राहायचं. अप्पांच्या सगळ्या सुखदुःखाचं मूळ इथं आहे.

पहिल्या खेपेला अप्पांनी नारायणगावच्या ओळखीच्या माणसाकडून अख्खा क्रेट मागवला. वीस किलोचा हा क्रेट; तिकडचा भावच क्रेटवर बोलतात, आणि बोलताना त्याला 'कॅरेट' म्हणतात. अप्पा आठवडाभर सोसायटीत "आपण एक कॅरेट घेतला" असं सांगत होते. दोन बायकांनी काकूंना सोनाराचं नाव विचारलं. टोमॅटो रात्रीच चिरून ठेवले, म्हणजे सकाळी उजाडताच गॅसवर चढवता येतील, असा त्यांचा हिशेब. सकाळी चढवले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. रस आटला, पण घट्ट होईना. बाटली तिरकी केली की लाल पाणी आधी येई आणि केचप नंतर पोचे. शेवटी काकूंनी त्याला जिऱ्याची फोडणी दिली आणि घरानं दोन दिवस भाताबरोबर सार ओरपलं. सार फार छान झालं होतं. ते कुणीतरी म्हणालं, ते अप्पांना लागलं.

मग अप्पांनी वाचन सुरू केलं. असल्या माणसाला अपयश आलं की तो स्वयंपाकघरातून उठून थेट रसायनशास्त्रात जातो. टोमॅटोतलं पेक्टिन केचपला दाटपणा देतं. पण टोमॅटो कापला वा चिरडला की त्याच्याच पेशींतली एन्झाइम्स त्या पेक्टिनचे तुकडे पाडू लागतात. म्हणून कारखान्यांत टोमॅटो कुटल्याबरोबर ताबडतोब नव्वद अंशांच्या वर तापवतात, म्हणजे एन्झाइम्सचं काम तमाम होतं. रात्रभर चिरून ठेवलेल्या टोमॅटोत त्यांनी निवांत बसून दाटपणा खाल्ला होता. हे कळल्यावर अप्पांनी फर्मान काढलं: टोमॅटो चिरला की तो पुढच्या क्षणी गरम पातेल्यात पडलाच पाहिजे. त्यासाठी काकू विळीवर, अप्पा पातेल्याशी आणि मधे नातू, अशी साखळी लागली. शाळेतून आलेल्या पोरानं विचारलं, "आजोबा, आग कुठे लागलीय?"

अप्पांचं केचप होताना बघणं हा एक अनुभव आहे. मसाला पातेल्यात मोकळा टाकायचा नाही. दालचिनी, वेलची, जिरं, मिरी, कांदा, आलं, लसूण, सगळं मलमलीच्या पुरचुंडीत बांधून रसात सोडायचं आणि शेवटी पिळून काढायचं. साखरेचा तिसरा हिस्सा आधी, म्हणजे रंग टिकतो, बाकीची नंतर. मीठ अगदी शेवटी. आणि लवंगा? लवंगा घेऊन अप्पा खिडकीशी बसतात आणि अंगठ्याच्या नखानं एकेका लवंगेचं डोकं उडवतात. खाली वर्तमानपत्रावर गोल बारीक डोक्यांचा एक ढीग, देठांचा दुसरा. कारण विचारलंत तर अर्धा तास गेला. थोडक्यात सांगायचं तर, लवंगेतल्या टॅनिनची आणि भांड्यातून उतरलेल्या लोखंडाची गाठ पडली की बाटलीच्या गळ्याशी काळं कडं धरतं. म्हणून लवंग बिनडोक आणि पातेलं स्टीलचं. लोखंडी कढईला तर त्या दिवशी स्वयंपाकघरात प्रवेशच नाही. काकूंनी एकदा शेजारच्या शेगडीवर तिच्यात वांग्याचे काप टाकले, तर अप्पांनी मधे ताट उभं धरलं.

गर काढायला घरातलं पुरणयंत्र. टोमॅटो स्वस्त होतात त्याच हंगामात होळी येते, हे अप्पांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या वर्षीच्या पुरणपोळीला मागून लसणाचा वास होता. काकूंनी दुसरं यंत्र आणलं, त्यावर 'पुरण' असं रंगानं लिहिलं आणि ते आपल्या साड्यांच्या कपाटात ठेवलं.

मग आलं मोजमाप. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे केचप म्हणवून घ्यायचं तर त्यात विरघळलेले घन पदार्थ किमान २५ टक्के हवेत, मीठ वगळून. आणि आम्लता किमान १ टक्का. टोमॅटोच्या ताज्या रसाचा आकडा असतो पाचाच्या आसपास. बाकी सगळं पाणी. आता हे घरी खायचं केचप, कोण येतंय तपासायला? पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचं रीडिंग घेतलं, त्याला स्वतःचं रीडिंग घेतल्याशिवाय झोप येत नाही. नाशिककडचे एक नातेवाईक द्राक्षबागायतदार. द्राक्षाची गोडी मोजायला त्यांच्याकडे ब्रिक्स मीटर असतो, तो अप्पांनी मागून आणला आणि परत केला नाही. वीतभर लांबीची नळी; काचेवर थेंब ठेवायचा, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे रोखून एका डोळ्यानं बघायचं. अप्पांच्या घरात चांगला उजेड येतो तो फक्त समोरच्या इमारतीच्या बाजूनं. दर दहा मिनिटांनी खिडकीत येऊन, एक डोळा मिटून, नळी समोर रोखणारा म्हातारा तिथल्या लोकांनी चार दिवस सहन केला. पाचव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तणतणत आले. अप्पांनी त्यांना आत बोलावलं, नळीतून बघायला लावलं आणि म्हणाले, "अठरा दिसतंय ना? अजून सात चढायचेत." गृहस्थ निरुत्तर होऊन, हातात एक बाटली घेऊन परत गेले. त्यांच्या खिडकीला जाड पडदा मात्र लागला.

आणि एके दिवशी जमलं. सव्वीस भरलं. स्टीलच्या ताटलीवर थेंब टाकला, ताटली तिरकी केली. थेंबाभोवती पाण्याची कड फुटली नाही. रंग लाल, वास नेमका, बाटली उपडी केली तरी केचप जागचं हलेना. बुडावर थाप मारताच भळकन बाहेर. अप्पांनी त्या संध्याकाळी सोसायटीला वडापावला बोलावलं. सगळ्यांनी खाल्लं, बोटं चाटली आणि शेजारच्या वहिनी मनापासून म्हणाल्या, "अप्पा, कमाल केलीत! अगदी विकतच्यासारखं झालंय!"

अप्पांचा चेहरा मी जवळून पाहिला. बढतीचं पत्र उघडावं आणि आत बदलीचा हुकूम निघावा, तसा.

इथून पुढे अप्पांचं स्वादपर्व सुरू होतं. घरचं केचप विकतच्यापेक्षा वेगळं झालं तर बिघडलं, आणि विकतच्यासारखं झालं तर मग एवढा खटाटोप कशाला? या कात्रीतून सुटायची एकच वाट होती: जे दुकानात मिळतच नाही ते करायचं. कवठ-गुळाचं केचप दुकानातल्यासारखं झालंय, असं कोण म्हणणार? ज्याला तुलनाच नाही त्याला पराभवही नाही. नवनव्या स्वादांमागं धावणाऱ्या बऱ्याच माणसांचं रहस्य हेच असावं, फक्त ते स्वयंपाकघरापुरतं राहत नाही.

तर भाजक्या लसणाचं झालं, कोकमाचं झालं, लवंगी मिरचीचं झालं. हे तिन्ही, खरं सांगायचं तर, फक्कड होते. भाजक्या लसणाचं मी थालीपिठाबरोबर चोरून खाल्लंय. पण चांगल्यावर थांबणारा माणूस हा नव्हे. पुढे सुक्या अंजिराचं आलं. मग ओव्याचं, 'म्हणजे भजी बाधत नाहीत.' मग चहाच्या मसाल्याचं, त्याबद्दल सोसायटीत अजून कुणी बोलत नाही. कुणी शंका काढली, की केचप म्हणजे टोमॅटोचंच ना हो, तर अप्पा खुर्ची पुढे ओढतात. "टोमॅटो? टोमॅटो फार उशिरा आला! मुळात ही आशियातली माशांची आंबवलेली चटणी. ती इंग्रजांनी नेली आणि तिकडे अळंब्यांचं केचप केलं, अक्रोडाचं केलं. टोमॅटोची कृती छापली फिलाडेल्फियाच्या जेम्स मीस नावाच्या डॉक्टरनं, १८१२ साली. हाइन्झचं केचप १८७६ चं. आणि दुसऱ्या महायुद्धात टोमॅटो मिळेनात तेव्हा फिलिपिन्समध्ये चक्क केळ्यांचं केचप चालू झालं. लोक आजही आवडीनं खातात. टोमॅटो हाच मुळात एक फ्लेव्हर आहे!" बोलणं खरं असतं, हीच पंचाईत. केळ्याचा उल्लेख झाला की काकू उठून फळांची टोपली आत नेऊन ठेवतात.

चव घेण्याचा विधी ठरलेला. भजी नाहीत, पाव नाही. "कशाबरोबर नको. नुसतं चाटा." आपण चमचा चाटायचा आणि अप्पा आपल्या तोंडाकडे बघत उभे. हातात वही. "पुढे काय लागलं?" आंबट. "बरं. मागून काही येतंय का?" नव्यानं राहायला आलेल्या एका जावईबापूंनी या प्रश्नावर वळून दाराकडे पाहिलं होतं. स्वाद ओळखला नाही तर अप्पा खट्टू होतात. पटकन ओळखला तर जास्तच खट्टू, कारण मग तो 'भसकन पुढे आलाय.' जुन्या रहिवाशांनी एक उत्तर बसवून ठेवलंय: "अप्पा, काहीतरी आहे. नक्की काय ते जिभेवर आहे, पण सांगता येत नाही." यावर अप्पा तृप्त होतात आणि एक बाटली देतात. म्हणजे उत्तर बरोबर आलं तरी तोटाच.

बाटल्यांचं आणखी एक प्रकरण आहे. अरुंद गळ्याच्या बाटलीत हवा कमी शिरते, म्हणून अप्पांना तशाच लागतात, आणि रद्दीवाल्याकडे तशा मुबलक मिळतात त्या एकाच मालाच्या. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला हा माणूस पिशवीभर रिकाम्या क्वार्टर घेऊन खणखणत लिफ्टमध्ये शिरतो. रद्दीवाला म्हणतो, एवढ्या धंद्यात बाटल्या विकत घेणारं गिऱ्हाईक हे एकच. अप्पा त्या उकळत्या पाण्यात निर्जंतुक करतात, गरम बाटलीत गरम केचप भरतात, झाकण लावतात आणि लेबल डकवतात: 'कवठ-गूळ. बॅच ३. रीडिंग २७. ढवळणार: स्वतः.' ढवळणार स्वतः असले तरी ओट्यावरचे, फरशीवरचे, छतावरचे शिंतोडे पुसणार कोण, याची लेबलवर नोंद नसते.

टिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा काकूंनी सोडियम बेंझोएट सुचवलं. नियमानं किलोमागे पाऊण ग्रॅमपर्यंत चालतं. अप्पा कडाडले, "हाइन्झनंसुद्धा १९०६ च्या सुमाराला ते सोडलं! पिकलेले टोमॅटो घेतले, साखर आणि व्हिनेगर वाढवलं, झालं." हेही खरं. पण अप्पांनी गुळाच्या बॅचला व्हिनेगर वाढवायच्या ऐवजी कमी केलं, 'कवठाला त्याचा आंबटपणा आहेच' म्हणून. ती बाटली आमच्या वरच्या मजल्यावर गेली, फ्रिजबाहेर राहिली, आणि मे महिन्यातल्या एका रात्री तिचं झाकण फटकन उडून भिंतीवरच्या कॅलेंडरला लागलं. वैशाख निम्मा लाल झाला. अप्पा पंचनाम्याला गेले, थेंब चाखला आणि वहीत लिहिलं: 'किंचित फसफस. बुडबुडे जिभेला छान लागतात.'

अप्पांचा एकच सुवर्णकाळ मला आठवतो, तो २०२३ चा पावसाळा. मे महिन्यात भाव न मिळाल्यामुळे शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, आणि जुलैत शहरात किलोला शंभराच्या वर गेले. सोसायटीतल्या भाज्या फिक्या पडल्या. फक्त अप्पांच्या माळ्यावर लाल बाटल्यांच्या रांगा. जे लोक अप्पांना जिन्यात पाहून लिफ्ट धरायचे, ते वाटी घेऊन दारात आले. अप्पा हरखले. कुणाला कोणतं हवं, अंजीर की कोकम, असं विचारत सुटले. "कुठलंही द्या हो," वहिनी म्हणाल्या, "पावभाजीत ढकलायचंय." बॅच क्रमांक असलेली, रीडिंग घेतलेली, डोकी उडवलेल्या लवंगांची ती निर्मिती भाजीत ढकलली जाणार! अप्पांनी बाटल्या दिल्या. पण प्रत्येकीवर पेन्सिलीनं लिहिलं: 'शिजवू नये.'

मागल्या महिन्यात घरावर बॉम्ब पडला. टाकणारा नातू. लेबल वाचायची सवय त्याला आजोबांनीच लावलेली. ओट्यावरची बाटली उचलून त्यानं मागची बाजू मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "आजोबा, केचप घरचं, पण यातलं व्हिनेगर तर विकतचं आहे."

अप्पा दिवसभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रसवंतीत गेले आणि दहा लिटर उसाचा रस मागितला. "बर्फ नको. लिंबू नको. आलं नको." गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर करतात हेही त्यांनी वाचलं होतं, पण सूर घरात येणार नाही, असं काकूंनी बजावलं. रस बरणीत गेला, तोंडावर मलमल बांधली, बरणी गॅलरीत. अप्पा समजावून सांगत होते की रसातल्या साखरेचं यीस्ट आधी अल्कोहोल करतं, मग हवेतले जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिड करतात, सगळ्याला काही आठवडे लागतात. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी दारू होते आणि मग व्हिनेगर."

"शास्त्रीय भाषेत तसं नाही, पण हो."

"मग मधेच थांबू नका म्हणजे झालं."

ही बातमी सोसायटीत केचपपेक्षा कितीतरी पातळ निघाली. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यापर्यंत झिरपली. तेव्हापासून अप्पांकडे वर्दळ आहे. चहा-मसाल्याच्या केचपनंतर ज्यांनी ओळख तोडली होती ते पुरुष रविवारी सकाळी गॅलरीत उभे राहून बरणीची चौकशी करतात. "अप्पा, कितपत आलंय?" "काय म्हणतंय रीडिंग?" "फार पुढे जाऊ देऊ नका हं." अप्पांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असे जाणकार श्रोते मिळालेत, ते भारावून यीस्ट समजावतात आणि लोक माना डोलावतात. चव घेणाऱ्यांची नावं लिहायला त्यांनी नवी वही केलीय, आणि ती भरत आलीय. काल समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरचा जाड पडदा बाजूला झाला. ते गृहस्थ कठड्यावरून वाकून म्हणाले, "अप्पा, माझंही नाव घाला. कशाबरोबर नको. नुसतं चाटीन!"